लोकांचा सहभाग वाढला की भ्रष्टाचार खरंच कमी होतो का?

होतो, पण नुसतं सभेला बोलावून नाही. लोकांच्या हातात कागद असावा लागतो.

इंडोनेशियात अर्थतज्ज्ञ बेंजामिन ओल्केन यांनी ६०० हून अधिक गावांतल्या रस्त्यांच्या कामांवर प्रयोग केला. काही गावांत हिशेबाच्या सभांना गावकऱ्यांना मोठ्या संख्येने बोलावलं, काही गावांना सांगितलं की सरकारी लेखापरीक्षण नक्की होणार. लेखापरीक्षणाच्या धाकाने गहाळ होणारा खर्च सुमारे ८ टक्के अंकांनी घटला. सभांमुळे एकूण फरक फारच थोडा पडला. मजुरीतली चोरी मात्र कमी झाली. मला हा तपशील सगळ्यात मोलाचा वाटतो: आपली मजुरी बुडाली हे मजुराला लगेच कळतं, रस्त्यात खडी किती कमी पडली हे डोळ्यांना दिसत नाही.

राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने नेमकं हेच हेरलं. डिसेंबर १९९४ मध्ये कोट किराना गावात पहिली जनसुनावणी झाली. हजेरीपट लोकांसमोर वाचले गेले आणि कामावर न गेलेल्यांची नावं त्यात निघाली. पुढे त्याच मागणीतून माहिती अधिकाराची चळवळ उभी राहिली, २००५ मध्ये देशभरासाठी कायदा झाला. (महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा त्याआधीच, २००२ चा.)

२००५ च्या माहिती अधिकार कायद्याच्या कलम २ नुसार कामाची पाहणी करता येते, वापरलेल्या साहित्याचे प्रमाणित नमुनेही मागता येतात. हे फार कमी लोक वापरतात. गावातल्या रस्त्याबद्दल शंका असेल तर ग्रामसभेआधी अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिका आणि नमुना, तिन्हींसाठी अर्ज करा.