वाफेच्या इंजिनाला लांबच्या नॉन-स्टॉप सहलीत पाणी कसं पुरवतात?

तुम्ही विचारलंय की हेरिटेज सहलींच्या जाहिरातीत 'नॉन-स्टॉप' असं लिहिलेलं असतं, इंजिन तर पाणी पितं, मग तीन-चारशे किलोमीटर त्याला पाणी देतं कोण? आणि जुन्या चित्रफितींत दिसतं तसं धावत्या गाडीत पाणी उचलतात का?

आता उचलत नाहीत. आज बहुतेक गाड्या पाण्यासाठी थांबतात आणि ज्या खरोखर थांबत नाहीत, त्या आपलं पाणी सोबत ओढत नेतात. जाहिरातीतल्या 'नॉन-स्टॉप'चा अर्थ पुष्कळदा एवढाच असतो की मधे प्रवाशांची चढ-उतार नाही. इंजिन पाणी पीत असतं तेव्हा तुम्ही डब्यात चहा पीत असता. मी सुट्टीच्या दिवशी एका हेरिटेज रेल्वेवर स्वयंसेवक म्हणून राबतो आणि माझ्या वाट्याला बहुधा पाणी भरण्याचंच काम येतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी एक गैरसमज काढून टाकू. वाफेच्या इंजिनाचा पल्ला कोळसा ठरवत नाही, पाणी ठरवतं. ब्रिटनच्या 'फ्लाइंग स्कॉट्समन'सारख्या एक्स्प्रेस इंजिनाच्या टेंडरमध्ये, म्हणजे इंजिनामागे जोडलेल्या कोळसा-पाण्याच्या गाड्यात, ८-९ टन कोळसा आणि ५,००० ब्रिटिश गॅलन, म्हणजे २२,७०० लिटरच्या आसपास पाणी मावतं. जड गाडी वेगात ओढताना किलोमीटरमागे १०० ते १३० लिटर पाणी जातं. हिशेब करा: कोळसा लंडनपासून एडिनबरोपर्यंत पुरेल, पाणी मात्र पावणेदोनशे-दोनशे किलोमीटरलाच तळ गाठेल. आणि तळ गाठेपर्यंत वाट पाहायची मुभा कोणालाच नसते. बॉयलरमधल्या भट्टीच्या छतावर सतत पाणी असावं लागतं. ते उघडं पडलं तर त्याचा धातू लाल होऊन मऊ पडतो, आणि पुढे काय होतं ते जुन्या बॉयलर-स्फोटांच्या चौकशी अहवालांत वाचायला मिळतं.

मग वापरलेली वाफ थंड करून पुन्हा का वापरत नाहीत? कारण ती वाया जात नसते. सिलिंडरमधून सुटलेली वाफ चिमणीतून जोरात वर जाते आणि जाताना भट्टीतली हवा ओढते. आगीचा भाता तोच. ती वाफ अडवली की आग मंदावते. दक्षिण आफ्रिकेने कारू या कोरड्या प्रदेशासाठी १९५०च्या दशकात 'क्लास २५' ही इंजिनं घेतली, त्यांच्या अजस्र टेंडरमध्ये वाफ थंड करून पुन्हा पाणी करायची सोय होती. पाण्याची प्रचंड बचत झाली. पण आगीला ओढ द्यायला वेगळा पंखा लावावा लागला, राखेच्या कणांनी त्याची पाती झिजू लागली, आणि पुढे त्यातली बहुतेक इंजिनं साध्या पद्धतीची करून टाकली.

आता धावत्या गाडीत पाणी उचलण्याबद्दल. ही युक्ती जॉन रॅम्सबॉटम या इंग्रज अभियंत्याची. १८६० मध्ये उत्तर वेल्समधल्या मॉकड्रे इथे त्याने रुळांच्या मधोमध पाण्याने भरलेली लांबलचक उथळ पन्हळ बसवली. टेंडरच्या पोटाखालचा स्कूप, म्हणजे पाणी उचलणारं फावड्यासारखं तोंड, फायरमनने (आग सांभाळणाऱ्याने) पन्हळीत उतरवलं की गाडीच्या वेगानेच पाणी पाईपातून वर चढतं. पंप नाही, काही नाही. गणित शाळेतलंच आहे: ताशी २४ किलोमीटर वेगाला पाणी जेमतेम सव्वादोन मीटर चढेल, म्हणून प्रत्यक्षात वेग त्याहून बराच जास्त लागतो.

यातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट म्हणजे एकदा पुरेसा वेग आला की तो आणखी वाढवून जास्त पाणी मिळत नाही. स्कूपची रुंदी, तो पाण्यात किती बुडतो आणि पन्हळीची लांबी यांचा गुणाकार म्हणजेच तुमचं पाणी. २५ सेंटिमीटर रुंद स्कूप ५ सेंटिमीटर बुडवून ५०० मीटर नेला की फार तर सव्वासहा हजार लिटर. वेग वाढवलात तर फक्त फवारा वाढतो. तो पहिल्या डब्याच्या उघड्या खिडक्यांतून आत जायचा आणि प्रवासी न्हाऊन निघायचे. पन्हळ संपण्याआधी स्कूप वर घ्यावा लागे, आणि धावत्या पाण्याच्या रेट्याविरुद्ध स्कूप वर घेण्याचं चाक फिरवणं म्हणजे चांगलीच झटापट. उशीर झाला की टेंडर भरून वरून वाहू लागे. शिवाय पन्हळीसाठी सपाट मार्ग हवा, हिवाळ्यात बर्फ होऊ द्यायचा नाही, खडी धुऊन जायची ती पुन्हा भरायची, आणि एक गाडी गेल्यावर पन्हळ परत भरेपर्यंत पुढच्या गाडीला दम धरायला लावायचा. वाफेची इंजिनं गेल्यावर एवढा खर्च करणार कोण? पन्हळी उखडल्या गेल्या.

१ मे १९२८ रोजी 'फ्लाइंग स्कॉट्समन'ने लंडन ते एडिनबरो हे ६३२ किलोमीटर न थांबता केले, ते अशा पन्हळींच्या जोरावर. बरोबर ४० वर्षांनी, १ मे १९६८ रोजी, तेव्हाचे मालक ॲलन पेग्लर यांनी त्याच इंजिनाने तोच प्रवास पुन्हा केला. तेव्हा पन्हळी झपाट्याने जात होत्या, म्हणून त्यांनी आधीच मागे दुसरं टेंडर जोडून घेतलं होतं. दोन्ही मिळून ११,००० गॅलनच्या आसपास पाणी झालं. ८ ऑगस्ट १९८९ रोजी हेच इंजिन ऑस्ट्रेलियात पार्क्स ते ब्रोकन हिल ६७९ किलोमीटर न थांबता धावलं, आणि वाफेच्या इंजिनाच्या नॉन-स्टॉप धावेचा तो विक्रम ठरला. त्या वाळवंटी मार्गावर पन्हळ कुठली? सगळं पाणी सोबतच. ब्रिटनमध्ये २००९ साली 'बिटर्न' हे इंजिन लंडन ते यॉर्क, सुमारे ३०० किलोमीटर, असंच दुसरं टेंडर घेऊन गेलं. अमेरिकेत युनियन पॅसिफिक ही रेल्वे कंपनी 'बिग बॉय' या इंजिनामागे पाण्याची वेगळी टेंडरं जोडते. मुळात ती गॅस टर्बाइन इंजिनांची इंधनाची टेंडरं होती.

ऐकायला सोपं वाटतं: मागे टाकी जोडा, पाईप लावा, झालं. खरी मेख त्या पाईपातच आहे. दोन्ही टाक्या तळाशी जाड रबरी होजने जोडलेल्या असतात आणि पाणी आपोआप समपातळीला येतं. पण चढावर इंजिन मिनिटाला पावणेदोनशे-दोनशे लिटर ओढत असतं. होज बारीक असेल, गाळणीत शेवाळ किंवा गंजाचा चुरा अडकला असेल, किंवा मागच्या टाकीचं झाकण इतकं घट्ट बसलं असेल की आत हवाच शिरत नाही, तर मागची टाकी तुडुंब असूनही पुढची रिकामी होत जाते. म्हणून आम्ही निघण्यापूर्वी होजचे सांधे, गाळण्या आणि झाकणाची हवेची भोकं तपासतो. पातळी बघायला टेंडरवर काटा असतो, पण दमट हवेत मी तो फारसा पाहत नाही. आत थंड पाणी असलं की टाकीच्या बाहेरच्या पत्र्याला घाम सुटतो आणि पाण्याच्या पातळीशी तो बरोबर रेघ मारल्यासारखा थांबतो. दोन टाक्यांवरच्या त्या रेघा एका उंचीवर नसतील, तर कुठेतरी काहीतरी तुंबलंय.

पाणी थंड हवं हेही आलंच. टाकीतलं पाणी फार तापलं की बॉयलरमध्ये पाणी ढकलणारा इंजेक्टर रुसतो.

मग सगळेच दुसरं टेंडर का जोडत नाहीत? वजन. भरलेलं टेंडर साठेक टनांचं, म्हणजे जवळपास दोन डबे. तेवढी तिकिटं कमी विकायची, किंवा इंजिनावर तेवढा ताण वाढवायचा आणि तो ताण पुन्हा पाणीच खाणार. म्हणून बहुतेक आयोजक सरळ दीड-दोनशे किलोमीटरवर थांबा घेतात. गाडी मुख्य मार्गावरून बाजूच्या लूपमध्ये, म्हणजे थांबण्यासाठीच्या जोडरुळावर घेतात, तिथे रस्त्याने टँकर आलेला असतो किंवा हायड्रंटला, म्हणजे पाण्याच्या मोठ्या नळाला, होज लावतात. हायड्रंटचा दाब चांगला असेल तर वीस-पंचवीस मिनिटांत काम होतं, नसेल तर वेळापत्रक कोलमडतं. टँकर लूपपाशी पोचेल असा रस्ता असणं ही अट वाटते त्याहून जाचक आहे. निम्मे लूप तिथेच बाद होतात. शिवाय कुठलंही पाणी चालत नाही. क्षार जास्त असले की बॉयलरमध्ये थर बसतात आणि पाणी फेसाळून वाफेबरोबर सिलिंडरमध्ये जातं, म्हणून टाकीत मोजून रसायनं घालावी लागतात.

राहिला प्रश्न पन्हळी परत आणण्याचा. २००८ मध्ये पूर्ण झालेलं 'टॉर्नेडो' हे नवं इंजिन पाहा. बांधणाऱ्यांनी त्यात स्कूप घातलाच नाही. ती जागा आणि कोळशाचीही थोडी जागा पाण्याला दिली. ६,२०० गॅलन पाणी, साडेसात टन कोळसा. तरीही दोनशे किलोमीटरच्या आत त्याला टँकर गाठावा लागतो.