दाढ काढताना नेमकं काय होतं? शुक्रवारी काढली तर सोमवारी ऑफिस जमेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: खालची दाढ किडून अर्धी तुटली आहे, रूट कॅनाल करण्यापलीकडे गेली आहे, डॉक्टरांनी शुक्रवारी संध्याकाळची वेळ दिली आहे. किती दुखेल, सोमवारी भांडुपहून फोर्टला कामावर जाता येईल का, आणि आई म्हणतात तसा डोळ्यांवर परिणाम होतो का.

आधी डोळ्यांचं उरकते. नाही होत. दृष्टीची नस वेगळी, दातांची वेगळी, आणि तुमची तर खालच्या जबड्यातली दाढ आहे. ज्या वयात दात हलायला लागतात त्याच वयात मोतीबिंदूही होतो, म्हणून जुन्या माणसांनी दोघांची सांगड घातली. आमच्याकडे अजूनही रोज कुणीतरी हे विचारतंच.

आमच्याकडे म्हणजे परळच्या एका दातांच्या दवाखान्यात. मी डॉक्टर नाही, असिस्टंट आहे. खुर्चीच्या डाव्या बाजूला उभी राहून सक्शनची नळी धरते ती मी. माझ्या स्वतःच्याही दोन दाढा काढून झाल्यात. इतकी वर्षं बघून माझं मत असं झालंय की लोक घाबरतात खुर्चीला, पण त्रासाचे फोन येतात तिसऱ्या दिवशी, घरून. म्हणजे भीती चुकीच्या जागी खर्च होते.

खुर्चीत काय होतं ते सांगते. खालच्या दाढेला भूल देताना सुई दाढेच्या शेजारी नाही, पार मागे, जबड्याच्या कोपऱ्याशी देतात. तिथून जाणारी नस बधीर झाली की त्या बाजूचे सगळे दात, अर्धा ओठ आणि बहुतेक वेळा अर्धी जीभही बधीर होते. टोचल्याचं कळतं, मग थोडं दाटल्यासारखं. औषधात बहुधा ॲड्रेनलिन मिसळलेलं असतं, रक्त कमी यावं आणि भूल जास्त वेळ टिकावी म्हणून. त्याने मिनिटभर छातीत धडधडू शकतं. त्या क्षणी पेशंट डोळे मोठे करून माझ्याकडे बघतो, ‘मॅडम, बीपी वाढलं.’ ते आपोआप ओसरतं. नाही ओसरलं, तर मात्र सांगा.

मग पाच-दहा मिनिटं थांबायचं. ओठ जड होतो, तोंड वाकडं झालंय असं वाटतं, आरशात बघाल तर सरळच असतं. डॉक्टर टोकदार हत्याराने हिरडी टोचून विचारतील, ‘दुखतंय का?’ इथे भिडस्तपणा करू नका. दुखत असेल तर हो म्हणा, आणखी एक इंजेक्शन देतात, त्यात काही विशेष नाही. पू झालेल्या जागी भूल कमी चढते, म्हणून गाल टरटरून सुजलेला असेल तर काही डॉक्टर आधी पू काढून टाकतात किंवा गोळ्या देऊन दोन-चार दिवसांनी बोलावतात. ती टाळाटाळ नसते.

पुढचं सगळं दाबाचं आणि आवाजाचं काम. भूल दुखणं थांबवते, पण दाब कळतो, आणि चांगला जोरात कळतो. दात हाडात घट्ट रुतवलेला नसतो, बारीक तंतूंनी धरलेला असतो. एलिव्हेटर नावाचं चपटं हत्यार दात आणि हाड यांच्या फटीत घालून डॉक्टर ते तंतू सैल करतात, मग पक्कड लावून दाढ गालाकडे आणि जिभेकडे अशी हळूहळू हलवतात. जबडा खाली दाबला जातो, म्हणून दुसऱ्या हाताने तो धरून ठेवलेला असतो. मध्येच ‘कट्’ असा आवाज येतो आणि तो थेट कानात घुमतो, कारण तो हाडातूनच येतो. पेशंट दचकतात ते ह्या आवाजाला. तुमची दाढ आधीच तुटलेली आहे, त्यामुळे ती अख्खी एका फटक्यात येईलच असं नाही. खालच्या दाढेला सहसा दोन मुळं असतात, ती वेगळी करून एकेक काढावी लागतात. ड्रिलचा आवाज आला म्हणजे काहीतरी बिघडलं असं समजू नका. साधं काम दहा-पंधरा मिनिटांत होतं, असं तुकड्यांचं अर्धा-पाऊण तास खातं. सुरू करायच्या आधी डॉक्टरांना विचारून घ्या, ‘थांबायचं असेल तर डावा हात वर करू ना?’ एवढं ठरलं की निम्मी धडधड जाते.

आता खरी गोष्ट. दाढ निघाली की तिथे खड्डा राहतो आणि त्यात रक्त साकळून गुठळी होते. गुडघा फुटल्यावर खपली धरते तसंच हे, फक्त ओलं. ह्या गुठळीखाली उघडं हाड आणि नसांची टोकं असतात. दवाखान्यातून निघताना जी कागदाची चिठ्ठी हातात देतात, तिच्यातली जवळजवळ प्रत्येक सूचना ही गुठळी जागेवर राहावी म्हणून आहे. लोकांना कारण माहीत नसतं, म्हणून ते निम्म्या सूचना पाळतात.

बोळा चावून धरायचा तो अर्धा ते पाऊण तास, सलग. दर पाच मिनिटांनी काढून ‘थांबलं का’ बघायचं नाही. थुंकायचं नाही. हे मुंबईकराला सगळ्यात जड जातं. तोंडात लाळ साठते, तिला रक्ताचा रंग असतो, आणि माणूस दवाखान्याच्या दारातच पचकन थुंकतो. थुंकताना तोंडात ओढ बसते आणि गुठळी सुटते. लाळ गिळून टाका. चमचाभर लाळेत दोन थेंब रक्त मिसळलं तरी सगळं लालभडक दिसतं, त्यावरून अंदाज करू नका. रात्री उशीवर गुलाबी डाग पडतील, जुना टॉवेल अंथरा. बोळा काढल्यावरही तोंड भरून ताजं रक्त येत राहिलं, तर नवा ओला बोळा, किंवा चहाची पिशवी भिजवून, थंड करून, परत अर्धा तास दाबून धरा. तरीही थांबत नसेल, तर फोन करा, कितीही वाजले असोत.

त्या दिवशी चूळ भरायची नाही, स्ट्रॉने काही प्यायचं नाही. शहाळं प्यायचं तर पेल्यात ओतून घ्या. गरम चहा नको. सिगारेट तर नकोच. धूर आणि ओढ, दोन्ही वाईट. तंबाखू, गुटखा, मशेरीलाही तेच. निदान तीन दिवस, खरं तर आठवडाभर. ‘दुसऱ्या बाजूला ठेवतो ना’ म्हणणारे काका आम्हाला चांगले ओळखीचे आहेत, ते तिसऱ्या दिवशी गाल धरून येतात.

कारण तिसऱ्या दिवसाचा तो त्रास, ज्याला ड्राय सॉकेट म्हणतात, तो असाच येतो. साधं दुखणं पहिल्या रात्री जास्त असतं आणि रोज थोडं उतरतं. ड्राय सॉकेटचं उलट. दुखणं कमी होत आलेलं असतं आणि दोन-तीन दिवसांनी अचानक कानापर्यंत ठणका सुरू होतो, तोंडाला घाण वास येतो, गोळी पुरत नाही. गुठळी निघून गेलेली असते आणि हाड उघडं पडलेलं असतं. साध्या दाढेला हे क्वचित होतं, खालच्या अक्कलदाढेला जास्त. अँटिबायोटिकने हे थांबत नाही. डॉक्टर खड्डा धुऊन त्यात लवंगेच्या अर्काचं औषध लावलेली पट्टी भरतात, आणि पुष्कळांना खुर्चीतून उठायच्या आत बरं वाटतं. म्हणून घरी गोळ्या वाढवत बसू नका, जाऊन या.

आणि एक. चार-पाच दिवसांनी खड्ड्यात पांढरट-पिवळसर थर दिसेल. तो पू नसतो, भरणारी जखम तशीच दिसते. मोबाईलचा टॉर्च लावून, टूथपिकने, अगदी सेफ्टी पिनने तो थर खरवडून आलेली माणसं मी पाहिली आहेत.

दुसऱ्या दिवसापासून पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून जेवणानंतर गुळण्या. खळखळून नाही, पाणी तोंडात घ्या, मान हलवा आणि तोंड उघडून पडू द्या. बाकीचे दात पहिल्या रात्रीही घासा, ती जागा सोडून. पहिल्या दिवशी बाहेरून बर्फ, फडक्यात गुंडाळून, दहा मिनिटं धरा, दहा मिनिटं सोडा.

खाणं सोपं आहे. निघताना जेवून निघा. तेवढीच जागा बधीर करणाऱ्या ह्या इंजेक्शनला उपाशी यायचं नसतं, उपाशी आलेलेच खुर्चीत चक्कर येऊन पडतात. भूल उतरायला दोन ते चार तास लागतात, तोवर काही चावू नका, आपलाच ओठ चावला जातो आणि कळतही नाही. मग दहीभात, मऊ खिचडी गार करून, नाचणीचं सत्त्व, कपातलं आईस्क्रीम चमच्याने. मिसळ, चिवडा, शेंगदाणे, तीळ लावलेलं काही आठवडाभर नको, कण खड्ड्यात जाऊन बसतात. दुखण्याची गोळी भूल उतरायच्या आधीच, पोटात काहीतरी असताना घ्या. ठणका चढल्यावर घेतलेली गोळी उशिरा लागू पडते. मेट्रोनिडाझोल नावाचं अँटिबायोटिक लिहून दिलं असेल तर त्या दिवसांत दारूला डॉक्टर सक्त मनाई करतात. शुक्रवार संध्याकाळ आहे म्हणून मुद्दाम सांगते.

डॉक्टरांना आधी काय सांगायचं, हे खरं तर पहिलं लिहायला हवं होतं इतकं महत्त्वाचं आहे. तुम्ही तरुण असाल, पण हे उत्तर आई-वडिलांसाठी वाचणारेही असतील. रक्त पातळ करायच्या गोळ्या, इकोस्प्रिन, क्लोपिडोग्रेल वगैरे, स्वतःच्या मनाने बंद करू नका. दातातलं रक्त दाबून, टाका घालून थांबवता येतं. गोळी थांबवल्याने हृदयात किंवा मेंदूत गुठळी झाली तर ते दातांच्या दवाखान्यात आवरणारं नाही. काय करायचं ते दोन्ही डॉक्टरांना आपसात ठरवू द्या. मधुमेह असेल तर नाश्ता आणि औषध रोजच्यासारखं घेऊनच या, आणि शुगरचा ताजा रिपोर्ट आणा. हाडं ठिसूळ झाली म्हणून वर्षातून एकदा घ्यायचं इंजेक्शन असतं, ते ‘कोणती औषधं चालू आहेत’ विचारल्यावर कुणाला आठवतच नाही, कारण ती रोजची गोळी नाही. पण त्याने जबड्याचं हाड भरून येत नाही असं होऊ शकतं, म्हणून आवर्जून सांगा. गरोदर असाल तरी सांगा. आणि पावसाळ्यात ताप असेल तर दाढ राहू द्या, आधी डेंग्यू नाही ना ते बघा. प्लेटलेट कमी असताना दात काढणं आणि वर आयबुप्रोफेनसारखी दुखण्याची गोळी खाणं, दोन्ही धोक्याचं.

आता सोमवार. साधी निघाली तर शनिवारीसुद्धा लोक कामावर जातात. तोडून, टाके घालून काढावी लागली तर सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते, म्हणजे नेमकी रविवार-सोमवारी. तोंड दोन बोटंच उघडेल, गाल लाडू ठेवल्यासारखा दिसेल, पण बसून करायचं काम जमतं. भांडुपहून सकाळच्या गर्दीत मात्र घुसू नका. कुणाचं कोपर त्या गालावर बसलं तर तुम्हाला ते वर्षभर आठवेल. एखादी भरलेली स्लो लोकल जाऊ द्या, किंवा उशिरा जायची परवानगी काढा. आठवडाभर जिम आणि वजन उचलणं नको. टाके काळ्या धाग्याचे असतील तर साधारण आठवड्याने काढतात.

वाट न बघता जायचं ते ह्या वेळी: ताप, तीन दिवसांनंतर वाढत जाणारी सूज, जबड्याखाली किंवा गळ्यापर्यंत उतरलेली सूज, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास. सूज गळ्यापर्यंत उतरली असेल किंवा गिळायला, श्वास घ्यायला त्रास असेल तर दातांच्या दवाखान्यात नाही, थेट मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत. दुसऱ्या दिवशीही ओठ बधीरच असेल तर तेही कळवा. बहुतेकांचा हळूहळू पूर्ववत होतो, पण नोंद असलेली बरी.

खासगीत परवडत नसेल तर सीएसएमटीजवळ सेंट जॉर्जेसच्या आवारातलं सरकारी दंत महाविद्यालय आहे, मुंबई सेंट्रलला पालिकेचं नायर दंत महाविद्यालय आहे. केसपेपरची रांग मोठी असते, सकाळी लवकर जा आणि आधीचा एक्स-रे बरोबर न्या. तिथे शिकणारी मुलं हात लावतात म्हणून लोक बिचकतात. माझ्या सासूबाईंची दाढ तिथेच निघाली. शिकणाऱ्या मुलीने सावकाश काढली, मागे सर उभे होते, आणि भूल चढली का हे तिने तीनदा विचारलं. एवढा वेळ आमच्या दवाखान्यात शनिवारी कुणाला मिळत नाही.

रिकाम्या जागेचं काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण खुर्चीतून उठताना तुम्हाला कुणीतरी सांगणारच. जागा कायमची मोकळी ठेवली तर शेजारचे दात तिकडे कलतात आणि वरची दाढ खाली उतरू लागते, हे खरं आहे. पण ते काही आठवड्याभरात होत नाही. हिरडी दोन-तीन आठवड्यांत जुळते, आतलं हाड भरायला तीन-चार महिने जातात. लगेच इम्प्लांट, म्हणजे हाडात स्क्रूसारखं मूळ घालून त्यावर कृत्रिम दात, बसवायची पद्धतही आहे, पण पू झालेल्या जागी बहुतेक डॉक्टर थांबायलाच सांगतात. तोंडात बोळा असताना कुणी पॅकेजचा कागद पुढे केला तर नुसती मान हलवा, सही करू नका.