एक्स-रे चांगला, तरी पाय टेकवेना

प्रश्न : माझा 13 वर्षांचा मुलगा फुटबॉल खेळतो. आठवड्यापूर्वी सरावात पडला, गुडघ्याखाली मार लागला. दोन दिवसांत बरं वाटलं. परवापासून मात्र पाय टेकवत नाही, रात्री कण्हतो, 102 ताप आहे. एक्स-रेमध्ये काही दिसलं नाही. प्रशिक्षक म्हणतात, स्नायू दुखावलाय. किती दिवस विश्रांती द्यावी?

उत्तर : ताई, तुम्हाला फोनवर सांगितलंच आहे, की आजच्या आज रुग्णालयात न्या. इथे लिहितोय ते इतर पालकांसाठी.

स्नायू दुखावला तर ताप येत नाही. मार, ताप आणि पाय टेकवायला नकार हे एकत्र दिसलं, की माझ्या मनात पहिली शंका हाडातल्या जंतुसंसर्गाची येते. वाढत्या वयात लांब हाडांच्या टोकांजवळ रक्तप्रवाह संथ असतो. खरचटल्यातून किंवा एखाद्या फोडातून रक्तात शिरलेले जंतू, बहुधा स्टॅफिलोकॉकस, तिथे ठाण मांडतात. कित्येकदा जखम दिसतही नाही.

एक्स-रेवर विसंबू नका, हे मी प्रत्येक पालकाला कळकळीनं सांगतो. हाडातला बदल त्यात उमटायला दहा ते चौदा दिवस लागू शकतात. सीआरपी आणि ईएसआर (शरीरातला दाह दाखवणाऱ्या रक्ताच्या तपासण्या), रक्ताचं कल्चर (रक्तातले जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी) आणि एमआरआय यांतून निदान लवकर होतं. घरात उरलेली अँटिबायोटिकची गोळी मात्र देऊ नका, कल्चरमध्ये जंतू सापडेनासा होतो. शेक आणि मालिशही नको.

‘वाढीचं दुखणं’ म्हणून सोडून देणारेही भेटतात. ते सहसा दोन्ही पायांत, संध्याकाळी किंवा रात्री असतं. सकाळी मूल पळत सुटतं, ताप नसतो. एकाच जागी बोट ठेवलं की मूल कळवळतं, ते दुखणं वेगळं. खुब्याजवळच्या हाडात संसर्ग असेल तर तो जांघेचा स्नायू ताणल्यासारखाच वाटतो, तिथे तर फारच फसगत होते.

लवकर सापडलं तर आधी काही दिवस शिरेतून औषध, मग गोळ्या, असे साधारण तीन-चार आठवडे जातात. पू साचला असेल तर शस्त्रक्रिया लागते. चौथ्या-पाचव्या दिवशी मूल हसायला लागतं आणि घरचे गोळ्या थांबवतात. असं कृपया करू नका, संसर्ग पुन्हा उसळतो. उशीर झाला तर हाडाची वाढच बिघडू शकते. मैदानावर कधी परतायचं ते तपासण्या पाहून हाडांचे डॉक्टर ठरवतील. स्पर्धेची तारीख त्यांना जरूर सांगा, पण त्यासाठी घाई करायला लावू नका.