बेटावरचा वायुदाबमापक वाचताना

सकाळी दहाला दाब चढलेला आणि दुपारी चारला 2-3 हेक्टोपास्कलने (हे दाब मोजायचं एकक) उतरलेला दिसला, तर वादळाची शंका घेऊ नका. उष्ण कटिबंधात हे रोजचंच आहे. वातावरणाला दिवसातून दोनदा भरती-ओहोटी येते. सकाळ-रात्री दहाच्या सुमारास दाब सर्वांत जास्त, पहाटे-दुपारी चारच्या सुमारास सर्वांत कमी. हा ताल मुख्यतः सूर्याच्या उष्णतेमुळे येतो.

म्हणून कालच्या दुपारच्या चारची तुलना आजच्या दुपारच्या चारशीच करा. निदान महिनाभर ठरावीक वेळी नोंदी ठेवा. माझ्या मते महागड्या यंत्रापेक्षा ही वही जास्त मोलाची. यंत्र टेकडीवर असेल तर दर 8 मीटरला साधारण 1 हेक्टोपास्कल कमी दिसेल, ती दुरुस्ती आधीच करून घ्या.

रोजच्या सरी दाबावरून फारशा कळत नाहीत, त्यासाठी ढग आणि वारा बघा. पण त्या वेळेच्या सरासरीपेक्षा दाब 3 हेक्टोपास्कलने खाली गेला, किंवा सकाळी चढायच्या वेळी चढलाच नाही, तर सावध व्हा. 5 ने उतरला तर चक्रीवादळ जवळ असू शकतं. अशा वेळी यंत्राकडे बघत बसू नका, हवामान खात्याचा इशारा लगेच तपासा.