प्रकाशावर चालणाऱ्या चिप्स : दम आहे का नुसती हवा?

प्रश्न : मुलगा ईअँडटीसीच्या शेवटच्या वर्षाला आहे, फोटॉनिक चिप्समध्ये एमएस करायला नेदरलँड्सला जायचं म्हणतोय. यूट्यूबवर जो तो सांगतोय की आता कॉम्प्युटर प्रकाशावर चालणार, सिलिकॉन संपलं. यात कितपत तथ्य आहे? (एक पालक, सांगली)

उत्तर : सिलिकॉन कुठं जात नाहीये हो, यातल्या बऱ्याचशा चिप्स सिलिकॉनच्याच असतात. 1310 किंवा 1550 नॅनोमीटरचा इन्फ्रारेड प्रकाश सिलिकॉनमधून आरामात जातो, म्हणून त्यातच अर्धा मायक्रॉन रुंदीच्या वाटा कोरून तो पाहिजे तिकडे वळवतात.

प्रकाशाने गणितं करणारा कॉम्प्युटर ऐकायला भारी वाटतो पण सध्या मोठा पैसा तिथे नाहीये. लाइटमॅटरचंच बघा, 2017 ला एमआयटीतून निघालेली कंपनी, सुरुवात प्रकाशाने गुणाकार करणाऱ्या चिपपासून केली, पण 2024 ला 40 कोटी डॉलर उभे केले तेव्हा सगळा जोर चिप्स एकमेकींना प्रकाशाने जोडण्यावर होता. आयार लॅब्सचाही धंदा तोच, आणि तिच्यात एनव्हिडिया, एएमडी, इंटेल तिघांचेही पैसे आहेत, एरवी हे एकमेकांचे कट्टर स्पर्धक!

ही गरज पडली कशी तर, एनव्हिडियाच्या एका रॅकमध्ये 72 जीपीयू (एआयची गणितं करणाऱ्या चिप्स) असतात आणि ते जोडायला तांब्याच्या 5000 च्या वर केबल. एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन हुआंग 2024 ला स्टेजवरूनच म्हणाले होते की हेच ऑप्टिक्सने केलं असतं तर नुसत्या ट्रान्सीव्हर (विजेच्या सिग्नलचा प्रकाश आणि प्रकाशाचा परत सिग्नल करणारे भाग) वगैरेंनाच 20 किलोवॅट लागले असते. म्हणजे जवळच्या जवळ तांबंच परवडतं. पण एवढ्या स्पीडला तांब्यातला सिग्नल एक-दोन मीटरमध्येच मान टाकतो, रॅकच्या बाहेर पडायचं तर प्रकाशाशिवाय इलाज नाही, मग ते ऑप्टिक्स पार चिपला चिकटवून वीज वाचवायची, सगळी झटापट त्यासाठी चाललीये.

घोडं अडतं ते पॅकेजिंगपाशी, म्हणजे चिपला लेझर, फायबर वगैरे जोडून ती वापरण्याजोगी करण्यापाशी. सिलिकॉन स्वतः नीट प्रकाश देत नाही, लेझर इंडियम फॉस्फाइड या दुसऱ्या सेमीकंडक्टरचा वेगळा आणावा लागतो. फायबरमधला प्रकाश साधारण नऊ-दहा मायक्रॉनवर पसरलेला, तो अर्ध्या मायक्रॉनच्या वाटेत घुसवायचा, जरा सरकलं की वाया. त्यात चिप तापली की तिच्यातल्या ठरावीक वेव्हलेंग्थचा प्रकाश निवडणाऱ्या छोट्या रिंगांची वेव्हलेंग्थ हलते, ती हीटर लावून जागेवर ठेवायची.

आणि बुडणारेही आहेत बरं का. रॉकली फोटॉनिक्स मनगटावरच्या घड्याळातून शरीराची मापं घेणारी चिप करत होती, ॲपलसारखं गिऱ्हाईक होतं, 2021 ला न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात आली आणि जानेवारी 2023 ला दिवाळखोरीचा अर्ज!

मुलाला नेदरलँड्समधल्या आइंडहोवनला जायचं असेल तर जागा चांगली आहे, इफेक्ट फोटॉनिक्स आणि इंडियम फॉस्फाइडच्या चिप्स बनवून देणारी स्मार्ट फोटॉनिक्स दोन्ही तिथल्याच, आणि या क्षेत्रासाठी 2022 ला 110 कोटी युरोंची योजना जाहीर झालीये. फक्त कोर्स निवडताना पॅकेजिंग आणि टेस्टिंगची लॅब आहे का ते आधी विचारायला सांगा, नुसतं डिझाइन शिकवणारे बरेच असतात. इथे आयआयटी मद्रासमध्येही सिलिकॉन फोटॉनिक्सचं काम चालतं, तेही एकदा बघून घ्या. तोवर पायथॉन पक्कं करू दे, चिपचं लेआउट आजकाल कोड लिहूनच काढतात आणि त्याची जीडीएसफॅक्टरीसारखी टूल्स फुकट मिळतात.