१८ माणसांचं दुकान आणि रोज बदलणारे कामगार कायदे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नाशिकला हार्डवेअरचं दुकान आणि गोदाम, १८ माणसं, शिवाय कंत्राटदाराचे दोन हमाल. व्हॉट्सअ‍ॅपवर रोज ‘नवा कामगार कायदा लागू’ असं येतं, सल्लागार ‘बघतो’ म्हणतो. तुम्ही लोक या सगळ्यावर नजर कशी ठेवता?

माझी इलेक्ट्रिकल मालाची दोन दुकानं आहेत आणि पगारपत्रक गेली २० वर्षं मीच तपासतो. खरं सांगतो, मी रोज नजर ठेवतच नाही. आधी ठेवायचो. २०२१च्या मार्चमध्ये १ एप्रिलपासून नव्या कामगार संहिता (जुने केंद्रीय कामगार कायदे एकत्र करून केलेले चार कायदे) येणार म्हणून पैसे मोजून सगळ्यांच्या पगाराची मांडणी बदलायला घेतली. संहिता आल्या नाहीत. २०२२ला ‘१ जुलैपासून चार दिवसांचा आठवडा’ ही बातमी फिरली, तर पोरं मला येऊन विचारायला लागली की शुक्रवारी सुट्टी आहे का. शेवटी चारही संहिता लागू झाल्या २१ नोव्हेंबर २०२५ला. पहिली संसदेत मंजूर झाली होती २०१९ साली! मंजुरी आणि अंमलबजावणी यांत एवढं अंतर पडू शकतं. म्हणून कुठलाही कागद आला की आधी वर ‘मसुदा’ लिहिलंय का ते बघायचं. मसुद्यावर हरकती मागवलेल्या असतात, पगार बदलायचे नसतात.

दुसरं बघायचं ते म्हणजे कायदा कोणता. अलीकडे सगळ्यांत जास्त घोळ इथेच झालाय. महाराष्ट्राने २०२५मध्ये दुकाने व आस्थापना कायद्यात (आपल्या भाषेत गुमास्ता) दुरुस्ती केली आणि नोंदणीची मर्यादा १० कामगारांवरून २० वर नेली. म्हणजे तुम्हाला त्या कायद्याखाली आता नुसती सूचना देऊन चालतं. पण आमच्या बाजारात याचा अर्थ ‘२०च्या आत असाल तर काहीच लागू नाही’ असा काढला गेला. ईएसआयसी, म्हणजे कामगार विमा, १० माणसांनाच लागते. ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना द्यायची एकरकमी रक्कम, तीही १०ला. लैंगिक छळाच्या तक्रारींसाठीची अंतर्गत समितीही १०लाच. गुमास्त्याचा आकडा बदलला म्हणून यातला एकही बदललेला नाही.

आता तुमचे ते दोन हमाल. पीएफची मर्यादा २० आहे, आणि कंत्राटदारामार्फत तुमच्या कामावर येणारी माणसंही त्यात मोजली जातात. १८ अधिक २ किती, ते तुम्हीच बघा. एकदा आकडा २० झाला की नंतर १६वर आलात तरी पीएफ सुटत नाही. उशीर झाला तर थकलेल्या रकमेवर वर्षाला १२ टक्के व्याज आणि वर दंडाची भरपाई. त्यामुळे तुम्ही बातम्यांपेक्षा हजेरीपट वाचा.

याचा फटका मी स्वतः खाल्लाय. एका मुलाचा पगार जूनमध्ये २२,००० केला. ईएसआयसीची पगाराची मर्यादा २१,००० म्हणून त्याच महिन्यात कपात बंद करून त्याला यादीतून काढला. वास्तविक अंशदानाचा, म्हणजे विम्याच्या कपातीचा काळ एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असतो. मध्येच पगार वर गेला तरी तो काळ संपेपर्यंत कपात चालू ठेवायची असते. ऑगस्टमध्ये त्याची आई दवाखान्यात, आणि कार्ड बंद. बिल मी भरलं, राहिलेले हप्तेही व्याजासकट भरले. इथे कायदा बदललेलाच नव्हता. सल्लागारालाही दोष देता येईना, कारण पगारवाढ मी त्याला कळवलीच नव्हती.

असे छोटे आकडेच घात करतात. एप्रिल २०२३पासून २५,०००पर्यंत पगार असलेल्या बायकांना व्यवसाय कर माफ झाला, तरी आम्ही २०० रुपये कापत राहिलो. काउंटरवरच्या ताईंनीच पगाराची स्लिप पुढे धरली. २०२४ला कामगार कल्याण निधी कामगाराचे २५ रुपये आणि मालकाचे ७५ रुपये झाला. तो जून आणि डिसेंबरच्या पगारात कापायचा. किमान वेतनातला विशेष भत्ता (महागाईप्रमाणे बदलणारा भाग) जानेवारी आणि जुलैत बदलतो. म्हणून हे चार महिने मी गल्ल्यामागच्या कॅलेंडरवर लाल पेनने गोल करतो आणि त्या महिन्यांत पगार काढण्याआधी अर्धा तास अधिसूचना उघडून बसतो. मूळ अधिसूचना, तिचा फॉरवर्ड नव्हे. राज्याच्या बहुतेक मराठीतही असतात आणि वाटतात तितक्या कठीण नसतात.

संहितांमधल्या दोन गोष्टी मात्र आत्ताच करून टाका. एक, प्रत्येकाला नेमणूकपत्र, अगदी जुन्या माणसालाही. दुसरी पगाराच्या मांडणीची. समजा एकूण ३०,००० आहे, मूळ पगार १०,००० आणि बाकी भत्ते. आता भत्ते निम्म्याच्या वर गेले की वरचे ५,००० वेतनात धरले जातात, म्हणजे वेतन १५,०००. १० वर्षांची ग्रॅच्युइटी जुन्या हिशेबाने ५७,६९२ होती, ती ८६,५३८ होते. हे वाढीव पैसे आजपासून बाजूला ठेवले नाहीत तर माणूस जाईल त्या दिवशी धावपळ होईल. आणि माणूस गेला की हिशेब ‘पुढच्या पगाराबरोबर’ देण्याची आपली सवयही आता मोडावी लागेल. राजीनामा असो की काढून टाकणं, वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचं आहे.

सल्लागार बदलायची घाई करू नका. त्याला दर महिन्याच्या २५ तारखेला एकच मेसेज पाठवा: कोण आलं, कोण गेलं, कुणाचा पगार वाढला, कंत्राटी किती. आमचा सल्लागारही याच मेसेजनंतर वेळेवर फोन करायला लागला.

आणि दिवाळीच्या गर्दीसाठी चार पोरं जास्त घेणार असाल, तर सल्लागाराला फोन त्यांना घेण्याआधी करा.