सुपरक्रिटिकल ड्राइंगला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आहे: एरोजेलवरच्या (हवेने भरलेल्या, अतिशय हलक्या सच्छिद्र घन पदार्थावरच्या) एका लेखाचं भाषांतर करताना ‘सुपरक्रिटिकल ड्राइंग’साठी ‘अतिगंभीर वाळवण’ असं लिहिलं, पण ते कानाला खटकतंय. योग्य शब्द कोणता?

खटकतंय ते बरोबरच आहे. गंभीर असते ती रुग्णाची प्रकृती. पदार्थविज्ञानातल्या ‘क्रिटिकल’ला मराठीत ‘क्रांतिक’ हा शब्द रुळलेला आहे. प्रकाशाच्या धड्यातला ‘क्रांतिक कोन’ आठवून पाहा. ‘क्रम्’ म्हणजे पाऊल टाकणं, ओलांडणं. संक्रांत, अतिक्रमण, क्रांतिवृत्त हे सगळे याच धातूचे. तेव्हा ‘अतिक्रांतिक’ म्हणजे क्रांतिक बिंदूच्या पलीकडचं; ज्या तापमान-दाबापलीकडे द्रव आणि वाफ असा भेद उरत नाही, तो क्रांतिक बिंदू. हे विशेषण इथे नेमकं का बसतं, ते प्रक्रिया पाहिली की कळतं.

सिलिकाच्या ओल्या जेलमध्ये अतिसूक्ष्म जाळी असते आणि तिच्या छिद्रांत अल्कोहोल भरलेलं असतं. हे जेल नुसतं हवेवर ठेवलं, तर अल्कोहोल उडत जाताना प्रत्येक छिद्रात द्रवाचा वक्र पृष्ठभाग तयार होतो आणि पृष्ठताणामुळे तो भिंतींना आत ओढतो. छिद्राची त्रिज्या 10 नॅनोमीटर धरली, तर इथेनॉल या अल्कोहोलसाठी ही ओढ सुमारे 44 बार भरते (1 बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाएवढा दाब); पाणी असेल तर 140 बारच्याही वर. एवढ्या ओढीपुढे नाजूक जाळी टिकत नाही. उन्हाळ्यात तळ्यातला गाळ आकसून भेगाळतो, तसं जेल आकसतं, तडकतं. उरतो तो घट्ट, आक्रसलेला झेरोजेल.

अमेरिकेतल्या सॅम्युअल किस्लर यांनी 1931 मध्ये यावर जो तोडगा प्रसिद्ध केला तो मला आजही विलक्षण वाटतो. ओढ द्रव आणि वाफ यांच्यातल्या पृष्ठभागामुळे निर्माण होते ना? मग तो पृष्ठभाग होऊच द्यायचा नाही! त्यांनी आधी जेलमधल्या पाण्याच्या जागी अल्कोहोल आणलं, कारण पाण्याचा क्रांतिक बिंदू 374 अंश सेल्सिअस आणि 221 बारवर आहे आणि इतक्या तापलेल्या पाण्यात सिलिकाच विरघळू लागते. मग बंद पात्रात अल्कोहोल त्याच्या क्रांतिक तापमानापलीकडे नेलं आणि दाब हळूहळू सोडला. द्रव उकळला नाही, वाफ वेगळी झाली नाही. जाळी जशीच्या तशी राहिली आणि तिच्यात हवा भरली. ‘एरोजेल’ हे नावही त्यांचंच.

आता बहुतेकदा कार्बन डायऑक्साइड वापरतात. त्याचा क्रांतिक बिंदू 31 अंश आणि 74 बार, म्हणजे हाताशी येण्याजोगा. मिथेनॉल या अल्कोहोलला 240 अंशांपर्यंत तापवावं लागतं आणि ते ज्वालाग्राही. 1984 मध्ये स्वीडनमधल्या स्योबो इथल्या एरोजेल कारखान्यात मिथेनॉलची गळती होऊन स्फोट झाला होता. नव्या पद्धतीत दाबाखालच्या द्रव कार्बन डायऑक्साइडने जेलमधलं अल्कोहोल धुऊन काढतात, पात्र 40 अंशांच्या आसपास तापवतात आणि तापमान 31 च्या खाली येऊ न देता दाब उतरवतात. पात्राला काचेची खिडकी असेल तर तापवताना द्रवाची पातळी दाखवणारी रेघ स्पष्ट दिसते. तापमान क्रांतिक बिंदूपाशी आलं की आतलं सगळं दुधाळ होतं, रेघ पुसट होते आणि नाहीशी होते. मग आत काय उरलं, द्रव की वायू? मराठीत ‘फ्लुइड’साठी ‘द्रायू’ असा शब्द घडवलेला आहे: द्रव आणि वायू दोन्ही त्यात येतात. अतिक्रांतिक अवस्थेला याहून चांगला शब्द मला सुचत नाही, म्हणून ‘अतिक्रांतिक द्रायू’ बिनधास्त लिहा.

आता ‘ड्राइंग’. ‘निर्जलीकरण’ नको, कारण शेवटी जे बाहेर पडतं ते पाणी नसतंच. ‘वाळवण’ म्हटलं की पापड-कुरडया डोळ्यांसमोर येतात. शिवाय वाळणं आणि सुकणं या दोन्ही क्रियापदांत आक्रसणं मुरलेलं आहे: आजारपणात पोर वाळतं, फूल सुकतं. या पद्धतीचा सगळा खटाटोप तर आक्रसू न देण्यासाठी. ‘कोरडं करणं’ यात ती छटा नाही. कोरडा केलेला पेला तेवढाच राहतो. म्हणून संज्ञा ‘अतिक्रांतिक शुष्कन’ ठेवावी आणि वाक्यात ‘जेल अतिक्रांतिक अवस्थेतून कोरडं केलं’ असं लिहावं.

मूळ लेखात फ्रीझ ड्राइंगही असेल तर दोन्हींची गल्लत होऊ देऊ नका. तिथे द्रव गोठवून बर्फाची थेट वाफ करतात. पृष्ठताण तिथेही टळतो, पण बर्फाचे स्फटिक वाढताना छिद्रं फाटू शकतात, आणि मिळणाऱ्या पदार्थाला ‘क्रायोजेल’ असं वेगळं नाव आहे. त्यासाठी ‘गोठवून कोरडं करणं’ पुरेसं आहे.